मायाप्पाअण्णांची मोजदाद

माझ्या न्हाणीघरातला दिवा चालू राहिलाय, हे मला कुणी सांगायचं? माझ्या नवऱ्यानं सांगावं, मुलीनं सांगावं, एक वेळ मी ऐकून घेईन. पण आम्ही जेवायला बसलेलो असताना जाळीच्या दाराला नाक लावून शेजारच्या माणसानं विचारावं, "बाई, न्हाणीत दिवा जळतोय. आत मानूस हाय का?" याला काय म्हणायचं?

या माणसाचं नाव मायाप्पाअण्णा. आमच्या जोडबंगल्याचा उजवा अर्धा भाग त्यांचा, डावा आमचा. मधली भिंत एकच. कुपवाडच्या नव्या प्लॉटांत घर घेताना मी फरशी बघितली, पाण्याची टाकी बघितली, शेजार तेवढा बघायचा राहिला.

अण्णा मूळचे जतकडचे. उभी हयात मेंढरांमागे गेली. तीनशे मेंढरं, चार घोडी, एक कुत्रं, आणि वर्षातले आठ महिने या रानातून त्या रानात. रोज दिवस मावळायला मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घालायची आणि मोजायची. मोजल्याशिवाय भाकरी नाही. बायको गेली, गुडघे गेले, मग मेंढरंही विकली. मुलगा सिद्धेश्वर पुण्यात इंजिनियर. त्याच्या फ्लॅटवर अण्णा आठ दिवस राहिले आणि "तितं आभाळ दिसत न्हाई" म्हणून परत आले. मग त्यानं हे घर घेऊन दिलं. वास्तुशांतीला आला, तिसऱ्या दिवशी गेला.

मेंढरं गेली, पण मोजायची खोड कुठे जाणार? ती मीटरवर आली.

रोज दिवस कलला की अण्णा डोक्याला पटका बांधून मीटरच्या पेटीसमोर उभे राहतात. दोन्ही घरांचे मीटर एकाच पेटीत, आणि नव्या पद्धतीचे. त्यांच्यावर आकडे एकामागून एक फिरत असतात, हवा तो यायची वाट बघावी लागते. आपण दोन मिनिटांत कंटाळतो. अण्णा वाघरीच्या तोंडाशी उभं राहावं तसे शांत उभे. आकडा आला की कालचा त्यातून वजा करायचा आणि कोळशानं भिंतीवर रेघा मारायच्या. भिंत अर्थात सामाईक, रंग नवा. मी बोलले तर म्हणाले, "मग कुटं मारू? तुमच्या शाळंतल्या फळ्यावर?"

रेघा रोज दोनच असायच्या. दिवसाला दोन युनिट. यात त्यांची टीव्हीवरची बातमी, एक दिवा आणि फोन भरून निघायचा. पंखा लावायचे नाहीत. टीव्ही बंद केल्यावर जो लाल ठिपका राहतो, त्याला ते लांडग्याचा डोळा म्हणायचे. "बंद हाय म्हणून फसू नका बाई. बसून खातोय त्यो." आता हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. मी हायस्कूलात विज्ञान शिकवते, मला ते मान्य करावं लागतं. पण माझ्या मुलीनं भर पाहुण्यांत "लांडगा मारते" म्हणत टीव्हीची वायर उपटावी आणि ऐन सामन्यात माझ्या दिरानं कपाळावर हात मारावा, हे कुणी शिकवलं?

एके दिवशी शाळेतून आले तर आमच्या गच्चीवर डांबर फासलेलं एक काळंकुट्ट पिंप. त्यातून एक नळी थेट आमच्या न्हाणीत. मला न विचारता! "ऊन फुकट पडतंय. त्या गिझराला काय उन्हाचं वावडं हाय व्हय?" माझा नवरा इथल्याच एका कारखान्यात कामाला, स्वभावानं गरीब. तो त्या कोमट, डांबराचा वास येणाऱ्या पाण्यानं आंघोळ करून आला आणि म्हणाला, "मस्त आहे गं." मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

पण हे सगळं पोटात घालता आलं असतं. खरा वाद वेगळाच होता.

सिद्धेश्वरच्या फोनवर वीजमंडळाचं ऍप. मीटर त्याच्या नावावर, म्हणून रोजचा वापर पुण्यात बसून त्याला दिसायचा. आणि त्याच्या ऍपवर दोन नव्हे, नऊ युनिट दिसायची. कधी दहा.

रोज सकाळी साडेसातला फोन. अण्णा फोन कानाला लावत नाहीत, तळहातावर ठेवून त्याच्याकडे बघून ओरडतात. त्यामुळे हे भांडण आम्हाला चहासोबत आपोआप मिळायचं.

"अण्णा, काल नऊ झाली. गीझर बंद करायला विसरता का?"

"लावतोय कोण गिझर? दोन झाली. म्या मोजल्यात."

"ऍप खोटं सांगतं का मग?"

"तू डोळ्यानं बगितलंस का? म्या डोळ्यानं बगितलंय."

"चष्म्याचा नंबर बदलून घ्या. या वयात होतं असं."

असं वर्षभर. बाप दोन म्हणायचा, मुलगा नऊ म्हणायचा. मुलगा चिडायचा, पण फोन करायचा चुकायचा नाही. अण्णा साडेसातच्या आधी अंघोळ उरकून, टोपी घालून, भांडायला तयार असायचे. त्यांना एकच सिद्ध करायचं होतं, आपली मोजणी खरी आहे. तीनशे मेंढरांत एक कमी असलं तरी ज्याला नुसत्या नजरेनं कळायचं, त्याला पोटचा पोरगा सांगत होता की तुम्हाला दोन आणि नऊ यांतला फरक कळत नाही.

मग अण्णांनी शोध लावला. एका रविवारी आले आणि पायरीवर बसून म्हणाले, "बाई, तुमची युनिटं भितीतनं आमच्याकडं येत्यात."

मी हसले. नंतर चिडले. मग फळा नव्हता म्हणून कॅलेंडरच्या पाठीवर आकृती काढून दाखवली. खांब, वायर, मीटर, घर. वीज भिंतीतून पाझरत नाही, तिला वाट लागते, तुमची वाट वेगळी, आमची वेगळी. अण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "पान्यावर दोन कळप एका टायमाला आलं की मिसळत्यात. धनगराला कळतंय. बाकीच्याला वाटतं आपलंच हैत."

"अण्णा, युनिटं म्हणजे मेंढरं नव्हेत."

"मग तुमची कमी कशी पडत्यात वो? घरात चार मान्सं, गिझर, फ्रिज, मोटर."

याचं उत्तर माझ्याकडं होतं. आम्ही एलईडी दिवे लावले होते, पंखे नव्या पद्धतीचे घेतले होते, खिडक्या पूर्वेला. आमचं वीजबिल इतकं कमी यायचं की मी ते शाळेच्या फलकावर लावलं होतं, 'विज्ञाननिष्ठ घर' असा मथळा देऊन. पालकसभेत त्यावर पंधरा मिनिटं बोलले होते. मी हे सगळं अण्णांना ऐकवलं. ते उठले, घरी गेले आणि दुधाचं पातेलं घेऊन आले.

"हे तुमच्या फ्रिजात ठिवा. आमचा बंद केला."

"का?"

"तुमचा फ्रिज माज्या नावावर खातोय. मग माजं दूध नको व्हय त्यात?"

त्या दिवसापासून आमच्या फ्रीजमध्ये अण्णांचं दूध, अण्णांचं दही, आणि बुधवारी झाकणाच्या डब्यात अण्णांचं मटण. माझ्या सासूबाई माळकरी. घरात काय महाभारत झालं असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. नवरा म्हणाला, "जाऊ दे, म्हातारा माणूस आहे." म्हातारा माणूस! या दोन शब्दांवर या देशात काहीही खपतं.

मे महिन्यात मी माहेरी जायचं ठरवलं. माहेर पाटणच्या पुढं, कोयनेच्या खोऱ्यात, जिथं फोनला रेंज म्हणून येत नाही. निघायच्या आदल्या सकाळी साडेसातचं भांडण नेहमीसारखं सुरू झालं, पण लवकर संपलं. सिद्धेश्वरचा आवाज वैतागलेला. "अण्णा, तुम्हाला आता मोजता येत नाही. मान्य करा ना एकदा."

मी कप हातात घेऊन थांबले. आता अण्णा तोफ डागतील असं वाटलं. थोड्या वेळानं बाहेर डोकावले तर अण्णा फोन बंद करून जोंधळ्याच्या डब्यात कोंबत होते. मला बघून म्हणाले, "त्यो बी खातोयच की करंट." डोळे मात्र माझ्याकडं नव्हते. मला त्या पोराचा राग आला. असं कुणी बोलतं का? माझं भांडण वेगळं, मी शेजारी आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही फ्रीज रिकामा केला, अण्णांचं मटण अण्णांना परत केलं, मेन स्विच खाली ओढला आणि गेलो.

चौथ्या दिवशी दुपारी परतलो तर अण्णांच्या दारात पुण्याची गाडी. आणि मीटरच्या पेटीसमोर बाप-लेक डोक्याला डोकं लावून उभे. सिद्धेश्वरची दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. तो मला काही बोलणार इतक्यात माझ्या नवऱ्यानं आत जाऊन मेन वर केला, पंखा लावला, पाण्याची मोटर लावली. आणि पोरगा ओरडला, "अण्णा, डाव्या मीटरचा दिवा लुकलुकायला लागला!"

मग जे झालं ते मी थोडक्यात सांगते, कारण मला ते सविस्तर सांगायला आवडत नाही. मला माझ्याच घराचा मेन तीनदा खालीवर करायला लावला. मी खाली केला की डावा मीटर थांबायचा. वर केला की चालायचा. डाव्या मीटरचा नंबर बिलाशी ताडून पाहिला. तो सिद्धेश्वरच्या नावावर होता. उजवा, ज्यावर अण्णांचं घर चाललं होतं, तो माझ्या नावावर. वर्षभर माझ्या घराची वीज त्यांच्या नावावर जमा होत होती, आणि अण्णांची दोन युनिटं मी शाळेच्या फलकावर लावून मिरवत होते. बिलांचा फरक आम्ही त्याच संध्याकाळी मिटवला, तो विषय इथे नको.

हा घोळ केला कुणी? अण्णांनीच. वास्तुशांतीच्या दिवशी वायरमन वायरी जोडत होता. मीटरवरच्या नावाच्या चिठ्ठ्या रंगकामात गेल्या होत्या. अण्णांनी विचार केला, आपलं घर उजवीकडं तर आपला मीटर उजवा. नवं जनावर कळपात घ्यायच्या आधी त्याला खूण करायची, ही त्यांची रीत. म्हणून त्यांनी उजव्या मीटरवर गेरूचा टिळा लावला. वायरमनला वाटलं, ऑफिसातूनच खूण करून आलाय. त्यानं त्या खुणेप्रमाणे जोडणी केली आणि पेढा खाऊन गेला.

"म्हंजी म्याच कळप मिसळलं," अण्णा म्हणाले. पण त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ते मुलाकडं बघत होते. सिद्धेश्वर खाली बघून म्हणाला, "अण्णा, तुमची मोजणी बरोबर होती."

"किती हुती?"

"दोन."

"मोट्यानं बोल. बाईंस्नी ऐकू दे."

मला ऐकू आलं. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

तो आला कसा, हे नंतर कळलं. आमचं घर बंद, म्हणून त्याच्या ऍपवर शून्य. एक दिवस शून्य, दोन दिवस शून्य. अण्णांचा फोन जोंधळ्यात. माझ्या फोनला रेंज नाही. तिसऱ्या दिवशी ऍपवर पुन्हा शून्य दिसलं तसा तो ऑफिसातून उठला तो थेट गाडीत बसला. वाटेत उंब्रजला लोक चहाला थांबतात, हा थांबला नाही. दारात आला तर अण्णा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते.

तो दोन दिवस राहिला. त्या दोन दिवसांत अण्णांच्या घरात पंखा चालू होता, फ्रीज चालू होता आणि सगळे दिवे लागलेले होते. मी मुद्दाम मोजले. न्हाणीतला सुद्धा, आणि आत माणूस नव्हता. मटणाचा वास आमच्या देवघरापर्यंत आला. मी जाऊन काहीही बोलले नाही, याची नोंद व्हावी.

वायरमननं वायरी बदलल्या. अण्णांनी रॉकेलच्या बोळ्यानं जुना टिळा पुसला आणि योग्य मीटरवर नवा लावला. सिद्धेश्वर पुण्याला गेला. मी फलकावरचं बिल काढून पर्समध्ये कोंबलं.

पुढचे आठ दिवस फोन आला. "दोन ना अण्णा?" "दोन." झालं. भांडायला काही राहिलंच नव्हतं. मग फोन दिवसाआड झाला, मग रविवारी. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण सकाळचा चहा अगदी शांतपणे पितो आहोत. वर्षभर मी याच शांततेसाठी देव पाण्यात घालून बसले होते. आणि आता साडेसातला माझेच कान भिंतीकडं लागायचे, याचा मला स्वतःचाच राग यायचा. अण्णा टोपी घालून बसलेले असायचे. आठ वाजले की टोपी काढून ठेवायचे. न्हाणीतल्या दिव्याची तक्रार घेऊन येणंही बंद झालं. एकदा मी तो तासभर जळत ठेवला. आले नाहीत.

मुलगा वाईट नाही. त्याला काळजी होती म्हणूनच तर तो रोज बघायचा. पण आकडा बरोबर आला की बाप बरा आहे, असं त्यानं धरलं. मी वर्गात मुलांना हेच तर शिकवते, मोजा आणि मग बोला. आता चूक कुणाची म्हणायची?

गेल्या गुरुवारी शाळेतून आले तर अण्णा दुधाचं पातेलं आणि दह्याचं भांडं घेऊन दारात.

"दोन-तीन दिस ठिवा बाई."

माझा पारा चढला. "आता काय झालं? मीटर तुमचा तुम्हाला मिळाला ना? आता कोण खातंय तुमच्या नावावर?"

मी त्यांच्या मागं बघितलं. घरात काहीच चालू नव्हतं. टीव्हीचा लाल ठिपकासुद्धा दिसेना. मेन खाली ओढलेला. बाहेर पावसाचा पत्ता नाही, उकाडा असा की भिंतीला हात लावला तरी चटका बसावा.

"अण्णा, दोन युनिटं पण जड झाली का आता? पंखा तरी लावा! या उकाड्यात मरायचंय का तुम्हाला? आणि फोन कुठाय?"

"जोंधळ्यात."

"अहो, पण का?"

अण्णांनी पातेलं माझ्या हातात दिलं. त्यावरचं झाकण नीट केलं. मग लहान मुलानं चोरी कबूल करावी तसे म्हणाले, "दोनाला कोन येत न्हाई बाई. शून्याला आला हुता."

मी दूध फ्रीजमध्ये ठेवलं, दही ठेवलं, आणि फ्रीजचं दार उघडं टाकून तिथंच उभी राहिले. किती युनिटं गेली असतील कोण जाणे.

शुक्रवार गेला. शनिवारी सकाळची शाळा. घरी येऊन चप्पल काढते न काढते तोच फोन वाजला. सिद्धेश्वर.

"मॅडम, अण्णा बरे आहेत ना? परवापासून शून्य दिसतंय. फोनही बंद येतोय. तुम्ही जरा बघून सांगता का?"

मी खिडकीतून बघत होते. अण्णा ओट्यावर बसले होते, टोपी घालून. वर्तमानपत्रानं वारा घेत होते. अंगरखा घामानं भिजलेला, पण माणूस ठणठणीत होता. मधूनच मान उंच करून रस्त्याच्या वळणाकडं बघत होते.

वीस वर्षं मी मुलांच्या उत्तरपत्रिका तपासते आहे. जे डोळ्यांना दिसतं ते लिहा, मनाचं घालू नका, असं सांगत आले आहे. माझ्या हातून चुकीचं उत्तर जाणं मला खपत नाही. आणि या बाप-लेकांच्या खेळात मला कुणी विचारून घेतलं होतं का?

"मॅडम? हॅलो?"

"मला इथून काही सांगता येत नाही रे," मी म्हटलं. "शनिवार आहे, निघ तू."

"म्हणजे काय झालंय काय?"

मी फोन ठेवून दिला. त्यानं पुन्हा विचारलं असतं, तर मी खरं सांगून टाकलं असतं.